सांगलीच्या विश्रामबागमधला मॅप डिझाईनचा क्लास : फी वसूल, पत्रा तापतो

या क्लासचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला. वर आग ओकणारा ड्रॅगन, खाली ठळक ‘गेम डेव्हलपर बना’. प्रत्यक्षात ड्रॅगन कुठंच नाही आणि तेवढ्यात कुणी डेव्हलपरही होत नाही. शिकवतात ते एवढंच, की पाच विरुद्ध पाच खेळता येईल असा मॅप, म्हणजे गेममधलं खेळायचं मैदान, कसा मांडायचा. पण ते मात्र झकास शिकवतात.

सर पूर्वी मिरजेत सायबर कॅफे चालवायचे. मशीन त्याच काळातल्या, म्हणून गेमही काउंटर-स्ट्राइक १.६, दोन टीमचा जुना गोळीबाराचा खेळ. मोबाईलवरच्या बीजीएमआय गेमवर वाढलेली पोरं पहिल्या दिवशी नाकं मुरडतात. सर म्हणतात, ‘नव्या ग्राफिक्सखाली मॅपची खोट झाकली जाते. इथं झाकायला काही नाही.’

सुरुवातीला कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. चौकटीची वही, पेन्सिल आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. अंतर फुटात मोजायचं नाही, सेकंदात मोजायचं. हातात चाकू असेल तर खेळाडू सेकंदाला २५० युनिट (गेममधलं अंतराचं माप) पळतो, बहुतेक रायफली घेतल्या की त्याहून कमी. डेव्हिड जॉन्स्टननं २००१ मध्ये केलेला डस्ट २ हा मॅप घेऊन त्यातली प्रत्येक वाट आमच्याकडून पळून मोजून घेतली. एक टीम बॉम्ब लावायला येते, दुसरी ती जागा राखते. राखणदार बॉम्बच्या जागी जरा आधी पोचला पाहिजे, पण ऐसपैस दबा धरून बसायला त्याला वेळ मिळता कामा नये. हा दोन-तीन सेकंदांचा हिशेब जमला की निम्मा मॅप जमला.

आमच्या बॅचमध्ये सांगलीवाडीच्या एका पोरानं आयर्विन पूल केला होता. कमानी, दिवे, कठडे, सगळं बघत राहावं असं. एक टीम वाडीकडं, दुसरी गावाकडं, मध्ये कृष्णा. खेळायला बसलो तर पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक जण एडब्ल्यूपी, म्हणजे लांबून टिपायची स्नायपर रायफल, घेऊन बसला आणि बाकीचे ओळीनं मरत गेले. या गेममध्ये मेलेल्याला राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं, त्यामुळं वर्गात जांभया सुरू. सरांनी कमानीला हात लावला नाही. पुलाच्या मधोमध एक बंद पडलेली एसटी आडवी घातली, की लांबचा नेम तुटला. मग उन्हाळ्यातलं कोरडं पात्र करून कमानींखालून वाट काढली, ती घाटाच्या पायऱ्यांनी वर आणली. पायरी १८ युनिटपेक्षा उंच नको, नाहीतर प्रत्येक पायरीला उडी मारावी लागते. आता एडब्ल्यूपीवाल्यानं पूल धरावा की घाट? मागून कुणीतरी म्हणालं, ‘खऱ्या सांगलीला पण बायपासचा पूल बांधावाच लागला की.’

सरांचा एक नियम मला सगळ्यात आवडला. आपल्या मॅपवर दुसरे खेळत असताना आपण मागं बसायचं, तोंड बंद. ‘अरे तिकडनं जा’ म्हणायचं नाही. जो जिथं मरेल तिथं कागदावर लाल ठिपका. वाडीचा पोरगा ओठ चावत बसला होता, पण सगळे ठिपके पुलावर गोळा झालेले दिसल्यावर त्याला चूक सांगायची वेळच आली नाही.

बॅचमधला सगळ्यात चांगला मॅप फार्मसीच्या एका मुलीचा. तिनं हा गेम कधीच खेळलेला नव्हता, म्हणून सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात हे तिलाच खटकलं. तिनं एका वाटेला लाल विटा दिल्या, दुसऱ्या वाटेला निळी पिंपं ठेवली. खेळ झाल्यावर पोरं आपोआप ‘पिंपापाशी दोघं होते’ असं बोलायला लागली. हेडफोनवर जागेचं नाव सांगता आलं नाही तर टीम कसली खेळणार?

आता नावडलेलं. मॅपच्या भिंतींत बारीक फट राहिली की कंपाइल करताना, म्हणजे मॅप गेममध्ये चालेल असा तयार करताना, ‘लीक’ दाखवतं. ते सर स्वतः कीबोर्ड ओढून घेऊन दुरुस्त करतात. फट शोधायची कशी, हे आम्हाला नीट शिकवलंच नाही. लाइटिंग शेवटच्या रविवारी घाईत उरकलं. आणि क्लास वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. लाईट गेली की सर्व्हर तेवढा यूपीएसवर चालू, आपण खाली चहाच्या टपरीवर.

फी साडेसहा हजार, निम्मी आधी. हेडफोन स्वतःचा न्या, तिथल्या हेडफोनांचे स्पंज गळालेत. मॅप डिझाईन म्हणजे झाडं-डोंगर सजवणं असं वाटत असेल तर पैसे घालवू नका. बाकीच्यांनी सकाळची बॅच घ्यावी. दुपारचीच जमत असेल तर मे महिना सोडून.