ब्रेड मशीन आणि गिरणीचे पीठ: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी जानेवारीत कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून घेतलेले ब्रेड मशीन आमच्या घरी आठवड्यातून दोनदा चालते. ५५० वॅटचे हे यंत्र ७५० ग्रॅमपर्यंतचा लोफ भाजते आणि त्यात बारा प्रोग्रॅम आहेत. त्यांपैकी साधा ब्रेड, गव्हाचा ब्रेड आणि फक्त पीठ मळण्याचा प्रोग्रॅम एवढेच तीन मी नियमाने वापरते. मिसळीबरोबर खायचा पाव नाशिकमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर ताजा मिळतो, त्यामुळे मैद्याच्या पावासाठी यंत्र घेण्याचे कारण नव्हते. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाचा, मऊ आणि जाळीदार ब्रेड घरी व्हावा, ही माझी अपेक्षा होती.

पहिले दोन महिने निराशेचे गेले. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ४०० ग्रॅम गव्हाच्या पिठाला २६० मिलिलिटर पाणी सांगितले आहे. त्या मापाने केलेला लोफ बुटका, आतून गच्च आणि दुसऱ्या दिवशी भुगा होणारा निघत असे. मी यीस्ट वाढवून पाहिले, तर लोफ भांड्याच्या काठापर्यंत फुगून भाजताना मधोमध खचला.

दोष यंत्राचा नव्हता, तर मापाचा होता. गिरणीच्या दगडांमध्ये दळताना गव्हातील स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात आणि फुटलेला स्टार्च अखंड स्टार्चपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषून घेतो. शिवाय कोंडाही पाणी धरून ठेवतो. पोळी मऊ राहते ती बऱ्याच अंशी याच गुणामुळे, पण ब्रेडच्या गोळ्याला त्याच पिठात पाणी कमी पडते, ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे पुरेसे ताणले जात नाहीत आणि वायू धरून ठेवणारी जाळी तयार होत नाही. आता मी ४०० ग्रॅम पिठाला ३०० मिलिलिटर पाणी घेते आणि सारे काही वजनकाट्यावर मोजते, कारण वाटी दाबून भरली की हलक्या हाताने, यावर पिठाचे वजन सहज वीस-तीस ग्रॅमने बदलते. मीठ ८ ग्रॅम, तेल दोन चमचे आणि ग्लूटेन पावडर १५ ग्रॅम, एवढे मला पुरेसे वाटते.

सर्वांत मोठा फरक मात्र विश्रांतीने पडला. मळण्याच्या प्रोग्रॅमवर फक्त पीठ आणि पाणी पाच मिनिटे फिरवून यंत्र बंद करायचे, अर्धा तास तसेच ठेवायचे आणि मग उरलेले जिन्नस घालून गव्हाच्या ब्रेडचा प्रोग्रॅम सुरू करायचा. या अर्ध्या तासात कोंडा भिजून मऊ होतो, त्यामुळे त्याचे टोकदार कण ग्लूटेनचे धागे कमी तोडतात, आणि ग्लूटेनही बरेचसे आपोआप जुळून येते. मळणी सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा जरूर पाहावा. तो भांड्याच्या कडा सोडून पात्याभोवती फिरावा आणि बोटाला किंचित चिकटावा. कोरडा वाटल्यास एकेक चमचा पाणी घालावे. या टप्प्यावर झाकण उघडल्याने काहीही बिघडत नाही, भाजणी सुरू झाल्यावर मात्र ते उघडू नये.

पीठ फुगवताना हे यंत्र गोळ्याला ऊब देऊ शकते, गारवा देऊ शकत नाही, ही गोष्ट नाशिकच्या हवेत फार जाणवते. थंडीत कोमट पाणी घातले की लोफ व्यवस्थित फुगतो. याउलट एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा त्याच मापाने पीठ वेळेआधीच फुगून खचते. म्हणून उन्हाळ्यात मी फ्रिजमधले पाणी वापरते आणि यीस्ट पाव भागाने कमी करते.

यंत्राची मळणी उत्तम आहे. हाताने इतके ओले पीठ मळणे मला कधीच जमले नसते. वीज गेल्यास दहा मिनिटांपर्यंत प्रोग्रॅम लक्षात राहतो, हेही सोयीचे आहे. लोफच्या तळाशी पात्यामुळे पडणारे भोक मात्र खटकते. शेवटच्या फुगवणीआधी ओल्या हाताने पाते काढून घेतल्यास तिथे फक्त दांड्याचे लहानसे छिद्र उरते. वरचा भाग फिकट राहतो, कारण उष्णता खालून आणि बाजूंनीच मिळते. पात्याच्या दांड्याखालचे रबर दहाव्या महिन्यात झिजून पाणी गळू लागले आणि सुटे रबर मिळत नसल्याने दुकानाने संपूर्ण भांडेच बदलून घ्यायला लावले, याचा मला राग आला. खरेदीपूर्वी सुट्या भागांची चौकशी अवश्य करावी.

ब्रेड तयार झाल्याची सूचना वाजताच लोफ भांड्यातून काढून जाळीच्या स्टँडवर ठेवावा, कारण आत राहिल्यास त्याच्याच वाफेने कडा ओलसर होतात. निदान तासभर तरी सुरी लावू नये. गरम असताना कापलेला ब्रेड आतून चिकट लागतो आणि इतक्या खटपटीने आलेली जाळी सुरीखाली दबून जाते.