केबल बंद होणार असेल तरच: जिओहॉटस्टारच्या सबस्क्रिप्शनचा हिशेब

ओटीटीचे सबस्क्रिप्शन घ्यायचे की नाही, हे ठरवताना बहुतेक घरांत त्या ॲपवर काय काय आहे याची यादी पाहिली जाते. यादी मोठीच असते, आणि त्यातले नव्वद टक्के आपण कधी उघडूनही पाहणार नसतो. माझ्या मते, हे पैसे भरल्यावर घरातले दुसरे कोणते बिल बंद होणार आहे, एवढेच आधी विचारावे. एकही बिल बंद होणार नसेल तर स्वस्त वाटणारा प्लॅनसुद्धा निव्वळ वाढीव खर्च आहे. केबलचे किंवा डिशचे रिचार्ज त्यामुळे खरोखरच थांबणार असेल, तर दीड हजार रुपयांचा प्लॅनही परवडतो. ही कसोटी मी येथे जिओहॉटस्टारला लावून पाहिली आहे, कारण मालिका आणि क्रिकेट या आपल्या घरांतल्या दोन्ही गरजा मोठ्या प्रमाणावर या एकाच ॲपमध्ये आल्या आहेत.

जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन ॲप एकत्र करून १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ही सेवा सुरू झाली. त्या वेळी जाहीर झालेले दर असे होते: मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ रुपये, सुपर प्लॅन अनुक्रमे २९९ आणि ८९९ रुपये, आणि प्रीमियम प्लॅन महिन्याला २९९, तीन महिन्यांना ४९९ व वर्षाला १,४९९ रुपये. असे दर कायम राहत नाहीत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी ॲपवरचा त्या दिवसाचा आकडा पाहावा. मात्र प्लॅनची रचना समजून घेतली की दर बदलले तरी निर्णय घेणे अवघड जात नाही. मोबाइल प्लॅन एका फोनपुरता आहे आणि टीव्हीवर चालत नाही, म्हणून घराच्या हिशेबातून तो बाद. सुपर प्लॅन एका वेळी दोन पडद्यांवर फुल एचडीमध्ये चालतो, पण जाहिराती दिसतात. प्रीमियममध्ये चार पडदे आणि ४के दर्जा मिळतो आणि जाहिराती नसतात, पण थेट प्रक्षेपणाला ही सवलत लागू नाही.

हा शेवटचा अपवाद लहान अक्षरांत असतो आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे. ज्यांना ॲप केवळ क्रिकेटसाठी हवे आहे, त्यांना प्रीमियमचे जास्तीचे पैसे भरूनही षटक संपल्यावर जाहिरात पाहावीच लागणार. ४के टीव्ही नसेल आणि घरात एका वेळी दोनपेक्षा जास्त पडदे चालू राहत नसतील, तर क्रिकेटप्रेमी घराने प्रीमियम घेण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. आयपीएल साधारण दोन महिने चालते. त्या काळापुरता तीन महिन्यांचा सुपर प्लॅन घेतला, तर सुरुवातीच्या दराने २९९ रुपयांत संपूर्ण स्पर्धा पाहून होते. जाहिरातींच्या त्रासापायी कोणी प्रीमियमच घेणार असेल, तर त्यांनीही महिन्याचा हिशेब करून पाहावा, कारण दोन महिन्यांचे ५९८ रुपये होत होते आणि तीन महिने मात्र ४९९ रुपयांत मिळत होते.

क्रिकेटचे पैसे का मोजावे लागतात, याला एक पार्श्वभूमी आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे डिजिटल हक्क जिओसिनेमा चालवणाऱ्या वायाकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना आणि टीव्हीचे हक्क हॉटस्टारवाल्या डिस्ने स्टारने २३,५७५ कोटी रुपयांना घेतले होते. २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर सर्वांना फुकट दाखवला गेला आणि फुकट क्रिकेट हा आपला हक्कच आहे अशी सवय प्रेक्षकांना लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांचा व्यवसाय एकत्र आला आणि टीव्ही व मोबाइल असे दोन्ही दरवाजे एकाच मालकाकडे गेले. पूर्वी एक फुकट दाखवतो म्हणून दुसऱ्याला दर धरून ठेवावे लागत होते. आता तशी स्पर्धा उरलेली नाही, त्यामुळे दर खाली येतील या आशेवर कोणी थांबू नये.

पण क्रिकेट म्हणजे आयपीएल एवढेच नव्हे. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने पैसे न भरताही पाहता येतात आणि ही सोय अनेकांच्या लक्षातच नसते. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावे लागते, आणि ते दूरदर्शनच्या फ्री डिशवर दिसते. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हेच प्रक्षेपण खासगी केबल आणि डिशवरच्या दूरदर्शन वाहिनीवर मात्र दाखवता येत नाही. फ्री डिशला एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च येतो, महिन्याचे भाडे नसते. गावाकडच्या घराला, जिथे सणासुदीलाच माणसे जमतात, तिथे याहून चांगला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आयपीएलची पूर्ण स्पर्धा तेवढी त्यावर मिळणार नाही.

आता मालिकांकडे वळू, कारण केबल बंद होणार की नाही हे बहुतेक घरांत मालिका पाहणारी व्यक्ती ठरवते. आमच्याकडे तो मान सासूबाईंचा आहे. जिओहॉटस्टारवर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्यांच्या मालिका आहेत. झी मराठीसाठी मात्र झी५ घ्यावे लागते, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह आणि सन मराठीसाठी सन नेक्स्ट. केबलवर या पाचही वाहिन्या एकाच रिमोटवर चार-दोन बटणे दाबून मिळतात. साडेसातची मालिका एका वाहिनीवर आणि आठची दुसरीवर पाहणाऱ्या प्रेक्षकाला ॲपच्या जगात एकाऐवजी दोन-तीन सबस्क्रिप्शन लागतात आणि तेथेच बचतीचा हिशेब कोलमडतो. उलट ज्या घरी संध्याकाळी सातला एकदा प्रवाह लागला की रात्री दहापर्यंत वाहिनी बदलतच नाही (अशी घरे पुष्कळ आहेत), त्या घराला हे एकच ॲप पुरते, आणि तेथे प्रीमियमचा खरा फायदाही दिसतो. टीव्हीवर अर्धा तास व्यापणारा भाग ॲपवर जाहिरातींविना साधारण वीस-बावीस मिनिटांत संपतो. तीन तासांच्या मालिका सव्वादोन तासांच्या आत उरकतात आणि स्वयंपाकघरातली कामेही वेळेवर आटोपतात.

सोयीचा मुद्दा वेगळा लिहावा लागेल, कारण दरपत्रकात तो नसतो. सासूबाईंना त्यांच्या वाहिन्यांचे नंबर तोंडपाठ आहेत. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट हातात न पाहताही त्या तीन आकडे दाबतात आणि मालिका सुरू होते. स्मार्ट टीव्हीवरचे कोणतेही ॲप घेतले तरी आधी ते उघडावे लागते, मग कोण पाहत आहे ते निवडावे लागते, मग बाणाची बटणे दाबत चौकटींच्या रांगांतून खाली उतरावे लागते, आणि मालिका समोर दिसली नाही तर पडद्यावरच्या इंग्रजी कळफलकावर तिचे नाव एकेक अक्षर टिपून शोधावे लागते. माइकचे बटण दाबून मालिकेचे नाव बोलले तर ती सापडते, हे त्यांना दाखवल्यावर पुष्कळ फरक पडला, तरी घरात दुसरे कोणी नसताना त्या आजही बॉक्सच लावतात. ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी एकटी असतात, त्यांनी चार पैसे वाचवण्यासाठी त्यांची केबल काढू नये.

थेट सामन्यांबाबत आणखी एक गोष्ट आहे. इंटरनेटवरून येणारे चित्र डिशच्या चित्रापेक्षा काही क्षण मागे असते. आमच्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतोच आहे तोवर शेजारच्या फ्लॅटमधून "गेला रे!" असा ओरडा ऐकू येतो आणि पुढचा चेंडू पाहण्यातली सगळी गंमत निघून जाते. शेजारी केबलवाले नसतील तर ही अडचण येणार नाही.

केबलच्या बाजूचा हिशेबही नीट मांडायला हवा. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमानुसार प्रत्येक वाहिनी सुटी घेता येते. त्या नियमात केवळ जोडणीचे शुल्क १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, असे ठरले होते. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादा काढण्यात आली. आमच्या घरचे केबलचे बिल आज महिन्याला साडेतीनशेच्या पुढे जाते, म्हणजे वर्षाला सव्वाचार हजारांहून अधिक. प्रीमियमच्या सुरुवातीच्या १,४९९ रुपयांशी तुलना केली तर वर्षाला पावणेतीन हजार वाचतात असे दिसते, पण ही बचत घरात ब्रॉडबँड आधीपासून असेल तरच खरी आहे. फुल एचडी चित्राला तासाला साधारण तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल रिचार्जवर हॉटस्पॉट लावून टीव्ही पाहू म्हटले, तर तासाभराच्या आतच चित्र अडकू लागेल. केवळ टीव्हीसाठी ३९९ रुपयांचे ब्रॉडबँड घेतले, तर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७१ रुपये होतात, आणि वर्षाचा तो साडेपाच हजारांवरचा खर्च बचत गिळून टाकतो. मुलांचा अभ्यास किंवा घरून काम यासाठी इंटरनेट आधीच आले असेल, तर त्याचा खर्च टीव्हीच्या खात्यावर टाकायची गरज नाही. बातम्यांसाठी केबल ठेवायचे कारण तर केव्हाच संपले आहे, कारण प्रमुख मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात.

इतर ॲपबद्दल थोडक्यात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवून बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये महिना असे केले. मराठी पाहणाऱ्या घरासाठी तेथे फारसे काही नाही, त्यामुळे एखादी मालिका पाहायची असेल तेव्हा महिनाभरासाठी बेसिक घ्यावे आणि संपल्यावर थांबवावे. जुलै २०२३ पासून एका घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर त्यांनी भारतात निर्बंध आणले, त्यामुळे पुण्यात वसतिगृहावर राहणाऱ्या मुलाला घरचे खाते वापरता येईल हे गृहीत धरू नये. ॲमेझॉन प्राइम २०१६ मध्ये वर्षाला ४९९ रुपयांना सुरू झाले, पुढे ९९९ आणि डिसेंबर २०२१ पासून १,४९९ झाले. जून २०२५ पासून त्यावर जाहिरातीही आल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले गेले. घरपोच सामान लवकर मिळावे म्हणून जे प्राइम घेतात, त्यांनी चित्रपटांना वरकड समजावे. ही सगळी ॲप एकदम घेतली, म्हणजे जिओहॉटस्टार प्रीमियम, जाहिरातमुक्त प्राइम आणि नेटफ्लिक्स स्टँडर्ड, तर वरच्या दरांनी वर्षाला ९,६८५ रुपये होतात आणि त्यात झी मराठीची एकही मालिका येत नाही.

पैसे भरण्याआधी आपल्या फोनच्या किंवा ब्रॉडबँडच्या रिचार्जमध्ये हे ॲप आधीच मिळते आहे का, ते पाहावे. मार्च २०२५ मध्ये आयपीएलच्या तोंडावर जिओने २९९ रुपये किंवा अधिकच्या रिचार्जवर ९० दिवसांचे जिओहॉटस्टार दिले होते. अशा योजना हंगामापुरत्या असतात, म्हणून वर्षाचा प्लॅन जानेवारीत घाईने घेण्यापेक्षा मार्चपर्यंत थांबलेले बरे.

स्वयंचलित नूतनीकरणाकडेही लक्ष असू द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही, आणि ही सगळी सबस्क्रिप्शन त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. म्हणजे तो एक एसएमएस नजरेआड झाला की वर्षाचे पैसे गेले. बंद करण्याचे बटण मुद्दाम लपवून ठेवणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये फसव्या पद्धतींत गणला आहे, तेव्हा कोणत्याही सेवेने तसे केल्यास तक्रार करता येते. यूपीआयवरून पैसे भरले असतील तर त्याच ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी थेट रद्द करता येते आणि मुदत संपेपर्यंतचे पाहणे त्यामुळे बंद होत नाही. मी तर पैसे भरल्याच्या दिवशीच ती रद्द करते.

एकूण पाहता, ब्रॉडबँड असलेल्या आणि प्रवाह किंवा कलर्सच्या पलीकडे न जाणाऱ्या घराने केबल बंद करून प्रीमियम वर्षभरासाठी घ्यावे. फक्त आयपीएल पाहणाऱ्यांनी तीन महिन्यांचा सुपर घ्यावा. संध्याकाळी तीन वाहिन्यांवर फिरणाऱ्या आमच्यासारख्या घरात केबल राहणारच आहे, म्हणून आम्ही मार्च ते मे एवढाच सुपर प्लॅन घेतो आणि बाकीचे नऊ महिने हे ॲप टीव्हीवर बंदच असते.