मॉइश्चर मीटर: एका मळणीवाल्याचा हंगामभराचा अनुभव

सोयाबीनचा ओलावा मोजायचा हातातला मीटर घ्यावा का, असं यंदा इतक्या जणांनी विचारलं की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी कराड तालुक्यात, मसूरच्या बाजूला ट्रॅक्टरवरचं मळणी मशीन चालवतो. स्वतःचं सोयाबीन थोडं, बाकी हंगाम सगळा दुसऱ्याच्या रानात. मीटर ऑनलाइन मागवला, नऊ हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत मी जे बघितले ते सगळे एकाच घाटणीचे आहेत: वर धान्य भरायचा कप, त्यावर फिरकीचं झाकण, खाली छोटा स्क्रीन आणि पिकांची यादी. त्यामुळं एकाबद्दल लिहिलं तरी बाकीच्यांना बरंचसं लागू पडेल.

मळणीवाल्याला मीटर कशाला, हा पहिला प्रश्न. माल ओला असला की शेंग ड्रमला गुंडाळते, दाणा चेपतो. फार कडक वाळला असला की दाण्याची डाळ होते आणि शिव्या मशीनवाल्याला बसतात. आमच्याकडं बहुतेकांचं फुले संगम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘सातशे सव्वीस’. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं वाण. दाणा टपोरा, आणि टपोरा दाणा फुटायलाही पुढं. आजवर अंदाज दातानं घ्यायचो. कट्कन तुटला तर चालेल, दबला तर अजून ऊन दाखवा. दात तसा इमानदार आहे, पण 12 आणि 14 टक्के ओलाव्यातला फरक त्याला कळत नाही, आणि पैसे नेमके तिथंच कापले जातात.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे. मक्याला 14, भाताला 17. बाजारातला व्यापारी हमीभाव देवो न देवो, ओलाव्याचा आकडा मात्र सरकारीच धरतो. आकड्याला कारण आहे, हेही मान्य केलं पाहिजे. 12 च्या वर सोयाबीन थप्पीला लावलं की आतून तापतं, बुरशी धरतं, कुबट वास मारतो. व्यापारी पाण्याला सोयाबीनचा भाव का देईल? माझी तक्रार त्या आकड्याबद्दल नाहीच. मोजतो कोण, कसं मोजतो आणि मोजून झाल्यावर कापतो किती, ही आहे.

आता यंत्र. हे मीटर पाणी थेट मोजत नाहीत. कपातल्या धान्यातून विजेचा हलका संकेत जातो. ओल्या धान्याचा प्रतिसाद वेगळा, कोरड्याचा वेगळा, त्यावरून यंत्र टक्केवारीचा अंदाज बांधतं. खरी मोजणी म्हणजे नमुना भट्टीत तापवून वजनात किती घट आली ते बघणं. आमच्या नात्यातला एक पोरगा तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. त्याच्याकडं दोन पिशव्यांत हवाबंद करून नमुना दिला. भट्टीत 12.3 आला, माझ्या मीटरवर 12.7 होता. नऊ हजारांच्या वस्तूला एवढा फरक मी चालवून घेतो.

पण हा फरक एवढाच राहावा यासाठी पथ्यं पाळावी लागतात, आणि माहितीपुस्तिकेत ती धड दिलेली नाहीत. कप काठोकाठ भरायचा, आपटायचा नाही, दरवेळी झाकण सारखंच आवळायचं. काडीकचरा आधी फुंकून टाकायचा. यादीत पीक बरोबर निवडायचं. एकदा मीटर मक्यावर राहिला आणि एका म्हातारबाबांचं चांगलं वाळलेलं सोयाबीन त्यानं ओलं ठरवलं; बाबा माझ्याकडं बघतच राहिले. सकाळचं दव अंगावर असलेला माल मोजू नये, कारण वरवरचा ओलेपणाच आकड्यात येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऊन लागलेला माल तसाच कपात ओतायचा नाही. मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती असते, पण मीटर सावलीतला आणि माल उन्हातला असला की ती गंडते आणि आकडा वर जातो.

हे शेवटचं मला एका व्यापाऱ्याच्या दुकानात उपयोगी पडलं. शेजारच्या तात्यांचा 18 क्विंटल माल घेऊन गेलो होतो. ट्रॉली दुपारी दारात उभी, ताडपत्री हाताला चटका देत होती. दिवाणजीनं कडेच्या एका पोत्यात परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घातली, मूठभर दाणे काढले, तसेच त्यांच्या मीटरमध्ये ओतले. 15.2.

तात्यांचा चेहरा पडला. तिथं 12 च्या वर टक्क्यामागं क्विंटलला दीड किलो कडता, म्हणजे वजनातली कपात, होता. मी म्हटलं, “शेठ, चार पोत्यांतला माल काढू, सावलीत पसरू, चहा होईस्तोवर थांबू, मग बघू.”

शेठ माझ्या पिशवीकडं बघून म्हणाले, “तुमचं यंत्र पासिंगचं आहे का?”

“नाही. तुमचं आहे का?”

शेठ हसले आणि चहा सांगितला. तेवढ्यात दिवाणजीनं जुना पेपर पसरून वेगवेगळ्या पोत्यांतले दाणे एकत्र कालवले. गार झाल्यावर तोच माल, त्यांचाच मीटर: 13.6. माझ्या मीटरवर 13.3. शेठनी 13.6 धरला, मीही वाद घातला नाही. दीड किलोच्या हिशोबानं 15.2 ला क्विंटलमागं 4 किलो 800 ग्रॅम गेलं असतं, 13.6 ला 2 किलो 400 ग्रॅम गेलं. अठरा क्विंटलवर 43 किलोंचा फरक. त्या दिवशीच्या 4,100 च्या भावानं सतराशेच्या वर रुपये. माझा मीटर पिशवीतून बाहेर निघाला नसता तर दुसऱ्यांदा मोजणी झाली असती का, याची मला शंका आहे. पण एवढं खरं की आकडा खाली आला तो शेठच्याच यंत्रावर, माझ्या नाही. मुद्दाम कोणी खोटं केलं असंही म्हणत नाही. घाईत, उन्हात, एका पोत्यातून घेतलेला नमुना शेतकऱ्याच्या बाजूनं क्वचितच चुकतो, एवढंच.

शेठच्या पासिंगच्या प्रश्नात मात्र दम होता. तोलायच्या काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा असते, ती नसेल तर आपण बोट दाखवू शकतो. मॉइश्चर मीटरवर तशी मुद्रा मी आमच्या भागात अजून कुठंच पाहिलेली नाही, माझ्या मीटरवरही नाही. म्हणजे किलोचं भांडण पासिंगच्या काट्यावर आणि टक्क्याचं भांडण बिनपासिंगच्या डबीवर. पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, मात्र दोन्हींना मिळून एकच.

आता कडत्याचा हिशोब, कारण मीटर घेऊन हा येत नसेल तर निम्मे पैसे वाया. 12 टक्क्यांचं 100 किलो सोयाबीन म्हणजे 88 किलो कोरडा माल आणि 12 किलो पाणी. ओलावा एक टक्का वाढला की कोरडा माल एक किलोनं कमी. 88 किलो कोरडा माल म्हणजे एक क्विंटल धरलं की टक्क्याला 1 किलो 136 ग्रॅम घट होते. 14 टक्क्यांना 2 किलो 270 ग्रॅम, 15 ला 3 किलो 410. एवढी कपात रास्त. दीड किलो घेतात तेव्हा वरचं साडेतीनशे ग्रॅमहून जास्त कशाचं? वाळवणीची मजुरी, ऊन द्यायची जागा, असं सांगतात. ठीक आहे, मग तसं पट्टीवर लिहा. काही ठिकाणी तर कडताही घेतात आणि ‘ओला माल’ म्हणून भावही शंभरानं पाडतात. एकाच पाण्याचे दोनदा पैसे.

आणि या हिशोबाची दुसरी बाजू कोणी काढत नाही. माल 12 च्या खाली असला तर? 9 टक्क्यांच्या क्विंटलमध्ये 91 किलो कोरडा माल असतो. रास्त मापानं तो 103 किलो 410 ग्रॅम धरायला हवा. धरतं का कोणी? सरकारी केंद्रावर नाही, व्यापाऱ्याकडं नाही. तिथं 12 म्हणजे फक्त वरची मर्यादा, खाली जितकं जाल तितकं तुमचं पदरचं. आमच्याकडं तर परत पाठवतील या धास्तीनं लोक ताडपत्रीवर माल इतका तापवतात की दाणा वाजतो. तात्यांच्या घरामागच्या दुसऱ्या ढिगात मीटर घातला तर 9.1. तेवढाच 18 क्विंटल माल 9 टक्क्यांवर विकला तर साठ किलोंहून जास्त सोयाबीन, म्हणजे अडीच हजार रुपये, फुकट देऊन येतो आणि वर व्यापारी पाठ थोपटतो, “माल एक नंबर वाळलाय.”

माझ्या दृष्टीनं मीटरचे पैसे इथं वसूल झाले. घेतला होता दुकानात दाखवायला, पण खरं काम त्यानं खळ्यावर केलं. साडेअकरा आला की ताडपत्री गुंडाळायची आणि पोती भरायची. उन्हाचा एक दिवस वाचतो, बायकांचं उलथापालथ करणं वाचतं, वजनही राहतं. दाणाही फुटत नाही, त्यामुळं बियाण्याला ठेवणाऱ्यांना तर हे जास्तच कामाचं.

2024 ला केंद्र सरकारनं सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 केली होती, तीही त्या हंगामापुरती. हमीभाव 4,892 होता. निर्णय आला नोव्हेंबरच्या मध्याला, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर. परतीच्या पावसात ऑक्टोबरला भिजलेला माल तोवर लहान शेतकऱ्याच्या घरात कुठला राहतो? उसाच्या लागणीला पैसा लागतो, दिवाळी तोंडावर असते. ओला माल ओल्या भावानं केव्हाच गेला होता. सवलत द्यायचीच तर ती पाऊस पडतो त्या महिन्यात द्या.

यंत्रातल्या खोडी सांगतो. बटणं मळकट हातानं दाबली की अडकतात. स्क्रीनवर उन्हात काही दिसत नाही, टोपीची सावली धरून वाचावं लागतं. सेल उतरत आले की यंत्र बंद पडत नाही, भलतेच आकडे देतं, आणि हे फार वाईट. मी हंगामाच्या सुरुवातीलाच नवे सेल घालतो. यादीत हळद नाही, त्यामुळं सांगलीकडच्या मंडळींनी हळदीसाठी घ्यायच्या फंदात पडू नये. विक्रीनंतरची सेवा म्हणजे एक फोन नंबर, तो लागतो, पण ‘कॅलिब्रेशन करून द्या’ म्हटलं की यंत्र कुरिअरनं परराज्यात पाठवायला सांगतात. भर हंगामात ते कोण पाठवणार?

एकट्यानं घ्यायचा असेल आणि माल दहा-बारा पोत्यांचा असेल तर घेऊ नका. कोरड्या बाटलीत कोरडं मीठ आणि दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर आहे, एवढं तरी कळतं. चार-पाच घरांनी मिळून घेतला तर परवडतो. पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा सेलसाठी कापला, एक त्या फोन नंबरसाठी.

मसूर-उंब्रजच्या पट्ट्यातल्या कुणाला माल तपासायचा असेल तर खळ्यावर या. मळणी माझ्याकडं असेल तर फुकट, नाहीतर कपाला वीस रुपये. दाणे चार पोत्यांतून काढून आणा आणि गार करून आणा.