बोट लागू नये म्हणून कानामागची पट्टी: चार दिवसांच्या वापरानंतर

शिडाच्या बोटीवरील चार दिवसांच्या प्रवासासाठी मी या वेळी गोळ्यांऐवजी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्कोपोलामिन या मळमळ रोखणाऱ्या औषधाची, त्वचेवर चिकटवायची पट्टी वापरली. ज्यांना हमखास बोट लागते, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अंतर्कर्णाला बोटीचे हेलकावे जाणवत असतात, पण केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. स्कोपोलामिन अंतर्कर्णाकडून मेंदूतील उलटीच्या केंद्राकडे जाणारे संदेश रोखते. कानामागे, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावलेल्या पट्टीतून ३ दिवसांत सुमारे १ मिलिग्रॅम औषध शरीरात जाते. ती निदान ४ तास आधी लावावी लागते. मी आदल्या रात्रीच लावली. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला, दोघे सोबती आडवे झाले, आणि मी मात्र केबिनमध्ये वाकून नकाशा पाहू शकलो, जे मला यापूर्वी कधीही जमले नव्हते.

त्रास झालाच नाही, असे नाही. जीभ टाळूला चिकटावी इतकी तोंडाला कोरड पडली आणि जवळची बारीक अक्षरे पुसट दिसू लागली. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलल्यावर हात न धुता मी डोळा चोळला, तर त्या डोळ्याची बाहुली विस्फारून प्रकाश सहन होईना. ही चूक माझी होती. साबणाने हात धुण्याची सूचना वेष्टनावर ठळक छापलेली होती. काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये, आणि लहान मुलांसाठी तर ती नाहीच.

मात्र उलट्या सुरू झाल्यावर पट्टीचा भरवसा धरू नये, कारण तिचा परिणाम फार सावकाश होतो. अशा वेळी माणसाला केबिनमधून वर आणावे, जिथे हेलकावे कमी बसतात तिथे, म्हणजे बोटीच्या मध्याजवळ, बसवावे, नजर क्षितिजावर ठेवायला सांगावे आणि मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजावे. आमच्या एका सोबत्याच्या हाती सुकाणू दिल्यावर अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. कठड्यावरून वाकून ओकणाऱ्याचा सुरक्षापट्टा मात्र आधी बोटीला अडकवावा. त्या अवस्थेत स्वतःचा तोल सांभाळण्याचे भान माणसाला राहत नाही.