वायफायअ‍ॅनालायझर: राउटर बदलण्यापूर्वी चॅनेल दाखवणारे अ‍ॅप

घरातील वायफाय मंदावले की बहुतेक जण आधी इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवतात, मग जास्त वेगाचा प्लॅन घेतात आणि तरीही फरक पडला नाही तर नवा राउटर विकत आणतात. या सगळ्याच्या आधी एक तपासणी विनाखर्च करता येते आणि तिच्यासाठी अँड्रॉइड फोनवरील 'वायफायअ‍ॅनालायझर' हे अ‍ॅप मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांत जुन्या बंगल्यांच्या जागी सहा-सात मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये स्वतंत्र राउटर आहे. अशा ठिकाणी दोष पुष्कळदा राउटरचा किंवा प्लॅनचा नसून गर्दी झालेल्या चॅनेलचा, म्हणजे राउटर ज्या ठरावीक लहरींवर बोलतो त्या क्रमांकित जागेचा असतो. हे अ‍ॅप नेमकी ती गर्दी दाखवते.

प्ले स्टोअरवर या नावाशी मिळतीजुळती बरीच अ‍ॅप्स आहेत, म्हणून नाव पाहून घाईने डाउनलोड करू नये. मी ज्याबद्दल लिहीत आहे ते व्हीआरईएम सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट यांचे ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना पाहता येतो असे) अ‍ॅप असून ते एफ-ड्रॉइड या अशाच अ‍ॅप्सच्या भांडारातही मिळते. त्यात जाहिराती नाहीत आणि ते इंटरनेट वापरण्याची परवानगीही मागत नाही. मात्र ते लोकेशनची परवानगी मागते आणि ती द्यावीच लागते. आजूबाजूच्या नेटवर्कांच्या यादीवरून माणूस कुठे आहे हे ओळखता येत असल्याने अँड्रॉइडनेच तशी अट घातलेली आहे.

अ‍ॅपचे सर्वांत मोलाचे पान म्हणजे चॅनेलचा आलेख. आडव्या रेषेवर चॅनेलचे क्रमांक आणि उभ्या रेषेवर सिग्नलची ताकद असते, तर प्रत्येक नेटवर्क एका रंगीत कमानीच्या रूपात दिसते. कमान जितकी उंच तितका त्या राउटरचा सिग्नल तुमच्या फोनपाशी जोरदार, आणि जितकी रुंद तितका त्याने व्यापलेला पट्टा मोठा. ताकद डीबीएम या सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात आणि उणे आकड्यांत असते, त्यामुळे उणे 45 हा उणे 75 पेक्षा कितीतरी चांगला आकडा होय. दर 10 आकड्यांमागे मिळणारी शक्ती दहा पटींनी बदलते हे लक्षात घेतले, तर एका भिंतीने किती फरक पडतो याचा अंदाज येतो.

राउटर मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांमध्ये चालतात. त्यांतील 2.4 गिगाहर्ट्झच्या बँडचा आलेख उघडला की खरी अडचण दिसू लागते. हा पट्टा 2400 पासून 2483.5 मेगाहर्ट्झपर्यंतचा आहे आणि आपल्याकडे त्यात 1 ते 13 असे चॅनेल वापरले जातात. या चॅनेलांचे मध्यबिंदू एकमेकांपासून फक्त 5 मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, पण राउटरचा सिग्नल कमीत कमी 20 मेगाहर्ट्झ जागा घेतो. म्हणजे क्रमांक तेरा असले तरी एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणून सहसा 1, 6 आणि 11 हे तीनच धरले जातात. एखाद्या शेजाऱ्याच्या राउटरवर रुंदी 40 मेगाहर्ट्झ ठेवलेली असेल, तर त्याची एकच कमान निम्मा पट्टा गिळून टाकते. गर्दीच्या इमारतीत 2.4 गिगाहर्ट्झवर रुंदी 20 मेगाहर्ट्झच ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात आपलाही फायदा आहे आणि शेजाऱ्याचाही.

आता अ‍ॅपमधील ज्या पानाबद्दल मी सावध करू इच्छितो, ते म्हणजे चॅनेलला तारे देणारे पान. एखाद्या चॅनेलवर किती नेटवर्के आहेत आणि ती किती ताकदीची आहेत, यावरून हे पान गुण देते. त्यामुळे 3 किंवा 9 यांसारखा मधला चॅनेल मोकळा दिसून कोणालाही मोह होऊ शकतो. तो टाळावा. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले की ते एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि पाळीपाळीने हवा वापरतात. तालीम मंडळाच्या बैठकीत एक जण बोलत असताना दुसरा थांबतो, तसेच हे आहे. याउलट 3 क्रमांकाच्या राउटरला 1 आणि 6 यांचे सिग्नल नीट वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी तो केवळ गोंगाट असतो. तोही त्या दोघांच्या व्यवहारात बिघाड आणतो आणि पाठवलेली माहिती पुन्हापुन्हा पाठवावी लागते. म्हणून आलेख पाहून 1, 6, 11 यांपैकी सर्वांत कमी उंचीच्या कमानी असलेला चॅनेल निवडावा. ताऱ्यांना दुय्यम मानावे, कारण शेजारच्या नेटवर्कावर प्रत्यक्षात किती वापर चालू आहे हे त्यांत मोजले जात नाही. दिवसभर बंद असलेल्या घरातला राउटर आणि चार जण व्हिडिओ पाहत असलेल्या घरातला राउटर येथे सारखेच मोजले जातात.

5 गिगाहर्ट्झच्या आलेखात चित्र बरेच मोकळे असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये 5150 ते 5350, 5470 ते 5725 आणि 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त केल्यापासून या बँडमध्ये आपल्याला भरपूर जागा मिळाली. तरीही बहुतेक कमानी 36 ते 48 किंवा 149 ते 161 याच भागांत दाटलेल्या आढळतात. मधले 52 ते 144 रिकामे दिसण्याचे कारण असे, की त्यांतील बहुतेक चॅनेल रडारही वापरतात. तेथे राउटरने सुरू होण्यापूर्वी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा आणि रडार आढळताच जागा सोडावी, असा दंडक आहे. अनेक स्वस्त राउटर हे चॅनेल देतच नाहीत. तुमचा राउटर देत असेल, तर दाट वस्तीत ते वापरून पाहण्यासारखे आहेत.

शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत मात्र निर्णय वेगळा होतो. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमध्ये लवकर क्षीण होतात, त्यामुळे पुढच्या सोप्यात उणे 45 दाखवणारा आकडा मागच्या स्वयंपाकघरात उणे 80 पर्यंत घसरू शकतो. तेथे चॅनेल बदलून काही साधत नाही. राउटर घराच्या मध्यावर आणणे किंवा तार ओढून दुसरा बसवणे हाच उपाय. हे अ‍ॅप खोलीगणिक आकडे देते, ही अशा घरांसाठी त्याची मोठी सेवा आहे. मोजताना मात्र प्रत्येक खोलीत थोडा वेळ थांबावे. अँड्रॉइड 9 पासून कोणत्याही अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येते, म्हणून चालत चालत पाहिले तर जुनेच आकडे दिसतात. अँड्रॉइड 10 आणि त्यापुढे फोनच्या सेटिंगमधील डेव्हलपर ऑप्शन्स या प्रगत पर्यायांत हे बंधन काढता येते.

काही गोष्टी या अ‍ॅपच्या आवाक्याबाहेर आहेत. फोनला फक्त वायफायचे नेटवर्क दिसते. मायक्रोवेव्ह ओव्हन 2450 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि ब्लूटूथही याच बँडमध्ये असते, पण त्यांची कमान आलेखात उमटत नाही. आयफोनसाठी हे अ‍ॅप नाही. चॅनेल बदलण्याचे काम अ‍ॅप करत नाही. ते ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच करावे लागते. तेथे बहुधा 'ऑटो' निवडलेले असते आणि अनेक राउटर चॅनेलची निवड फक्त सुरू होताना करतात. पावसाळ्यात वीज जाऊन आली की सगळ्या इमारतीतले राउटर एकदमच सुरू होतात आणि शेजाऱ्यांचे चित्र पूर्ण होण्याआधीच प्रत्येकाची निवड होऊन जाते. म्हणून 2.4 गिगाहर्ट्झवर मी चॅनेल स्वतः ठरवून पक्का करण्याच्या बाजूने आहे, आणि शेजारी नवे बिऱ्हाड आले की आलेख पुन्हा पाहण्याच्याही. चॅनेल बदलल्यावरही वेग वाढला नाही, तर लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजावा. तोही कमी भरला तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा किंवा खुद्द राउटरचा आहे, आणि मग कंपनीकडे तक्रार करताना तोच आकडा सांगावा.