लातूरच्या क्रीडा शिबिरातील सात दिवस

मे महिन्यात लातूरमधील एका खासगी संस्थेच्या सात दिवसांच्या निवासी क्रीडागुण शोध शिबिराला मी केज तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेची चार मुले घेऊन गेले होते. प्रत्येकी 1500 रुपये शुल्कात राहणे, जेवण आणि चाचण्या असे सर्व काही होते.

या शिबिराची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याची वेळ. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात, त्यामुळे हिवाळ्यात होणाऱ्या कोणत्याही निवडीला ही मुले गावातच नसतात. मे महिन्यात ती हाताशी असतात. उन्हाचा विचार करून मैदानावरील काम सकाळी साडेआठच्या आत संपवले जात होते, पाणी मुबलक होते आणि जेवणात भाकरी, डाळ व उसळ पोटभर मिळत होती.

चाचण्या क्रीडा प्रबोधिनीच्या (राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या) निवडीत असतात तशाच होत्या: 30 मीटर धाव, 6 × 10 मीटर शटल रन (दोन रेषांमध्ये ये-जा करत धावणे), 800 मीटर धाव, उभ्याने लांब उडी आणि मेडिसिन बॉल (वजनदार चेंडू) फेक. मोजमाप काटेकोर होते, प्रत्येक उडी दोनदा मोजली जात होती.

माझी हरकत आहे ती गुणांच्या यादीला. आठ ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांची एकच यादी लावल्याने तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेली, अंगाने भरलेली मुले वर आली. त्यांची फेक लांब जाते ती वाढ लवकर झाल्यामुळे, आणि दोन-तीन वर्षांत इतर मुले वाढली की हा फरक पुष्कळदा उरत नाही. आमचा दहा वर्षांचा एक मुलगा फेकीत शेवटून दुसरा होता, पण 800 मीटरमध्ये त्याचा दुसरा फेरा पहिल्यापेक्षा वेगात झाला. ही नोंद एकूण गुणांत कुठेच उतरली नाही. आमच्याच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावण्याच्या स्पर्धांकडे वळले आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. अशी उदाहरणे समोर असताना दहाव्या वर्षीच्या एका यादीवरून कोणाचे नाव खोडू नये, असे मला मनापासून वाटते.

निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या नोंदींचा तक्ता आणि शाळेच्या मैदानावर साधनांविना करता येईल असा बारा आठवड्यांचा सराव लिहून दिला, हे फार चांगले झाले. आमच्याकडे क्रीडाशिक्षक नाही, तरी आम्ही तो रोज परिपाठाआधी घेतो.

फेरचाचणी मात्र त्यांनी नोव्हेंबरमध्ये ठेवली आहे. आमचा तो दहा वर्षांचा मुलगा तेव्हा आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर असेल, म्हणून ती सप्टेंबरमध्ये घ्यावी आणि यादी वयानुसार वेगळी लावावी, अशी लेखी विनंती मी केली आहे.