व्हिलनसाठीच गेम घ्यायचा असेल तर: खोतुन खान की चार्ल्स ली?

क्रूर सेनापती समोर असलेला ऐतिहासिक गेम हवाय पण खोतुन खानवाला घोस्ट ऑफ त्सुशिमा की चार्ल्स लीवाला असॅसिन्स क्रीड ३ ते ठरत नसेल, तर दोन्ही शेवटपर्यंत खेळल्यावरचं माझं मत सांगतो. थोडे स्पॉयलर येतील, नाइलाज आहे.

इतिहास बघायला गेलात तर ली भारी. माणूस खरा, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाताखालचा जनरल, १७७८ साली मॉनमाउथच्या लढाईत माघार घेतली म्हणून कोर्ट मार्शल झालेला. गंमत म्हणजे खरा ली तिकडच्या मूळ रहिवाशांत राहिलेला, त्यांच्याच एका सरदाराच्या मुलीशी लग्न केलेला, आणि गेममध्ये तोच मूळ रहिवाशांतल्याच हिरोचा, छोट्या कॉनरचा गळा आवळतो. खोतुन खान मात्र काल्पनिक, जपानच्या त्सुशिमा बेटावरची १२७४ ची मंगोल स्वारी तेवढी खरी.

पण खानाची एंट्री बघाच. कोमोडाच्या किनाऱ्यावर अदाची नावाचा सामुराई एकटा पुढे येतो, रीतसर नाव सांगून द्वंद्वाचं आव्हान देतो, आणि खान शांतपणे हातातला दारूचा प्याला त्याच्यावर रिकामा करतो, मशाल लावतो, संपला विषय. वर सामुराईंची भाषा, रीतीभाती सगळं शिकून आलेला, त्यामुळे पुढे आपला सामुराई हिरो जिन जेव्हा काकांनी शिकवलेले नियम मोडून लपून वार करायला लागतो तेव्हा आपल्याला पण पटतं की याच्याशी सरळ लढून भागणार नाही.

ली माझ्या मनातून उतरला तो शेवटच्या पाठलागात. इतके तास ज्याचा राग साठवला तो बॉस्टनच्या गोदीतून नुसता पळतो, आपण मागे, मध्येच कॉनर भलत्याच खांबावर चढतो, ली लांब जातो की मिशन परत पहिल्यापासून. त्याला मधे गाठायची सोय नाही, ठरलेल्या जागेपर्यंत तो पळणारच. राग लीचा यायला हवा होता, मला कंट्रोल्सचाच आला 😅 कदाचित माझा हात तेवढा बसला नसेल, पण मजा गेली ती गेलीच.

खान पण मधले बरेच तास गायब असतो हे मान्य, आणि त्याची फायनल फाइट काही फार ग्रेट नाही. तरी निदान समोर उभा राहून लढतो हो.

क्रीड ३ आधीच लायब्ररीत पडून असेल तर सुरुवातीला आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो त्या हेथमचा भाग संपेपर्यंत तरी खेळा, तिथला तरुण ली खरंच छान लिहिलाय. पैसे मोजून एकच घ्यायचा असेल तर मी त्सुशिमा म्हणेन, २०२४ पासून पीसीवर पण आहे.